फायरवॉलला वाली कोण?

माजिवड्याच्या नाक्यावर घोडबंदर रस्ता नाशिक महामार्गाला मिळतो. या नाक्याच्या आसपास टॉवरमध्ये राहणाऱ्या माणसाचा महापालिकेशी संबंध आता खिडकीवर कमी आणि मोबाइलवर जास्त येतो. मालमत्ता कर, पाणीबिल, दाखले, तक्रारी, सगळं नेटवरून. कल्याण-डोंबिवलीकरांना तर याची सवय फार जुनी. त्यांच्या महापालिकेने १९९९ नंतरच्या काही वर्षांत ई-गव्हर्नन्सची घडी बसवली आणि पुढे राज्यातल्या इतर पालिकांनी तोच नमुना उचलला.

या सगळ्या यंत्रणांच्या तोंडाशी फायरवॉल नावाचं एक उपकरण असतं. खड्डा, कचरा, पाणी, पार्किंग यांवर आपण तावातावाने बोलतो, पण या उपकरणाबद्दल अवाक्षर काढत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: फायरवॉल खरेदी करताना सह्या करणारे दहा जण असतात, पण ती रोज ठीक आहे ना हे बघण्याची जबाबदारी एकाच्याही नावावर नसते. ती जबाबदारी नावावर लावा, तिला तारखा लावा आणि त्या तारखा नागरिकांना दाखवा. हा कोणा एका पालिकेवर किंवा बँकेवर आरोप नाही. मागणी सर्वांकडेच आहे, आणि तिच्यामागचे मुद्दे असे.

मुद्दा १. फायरवॉल हा शेवटी एक संगणकच

लोकांचा समज असा की फायरवॉल बसवली म्हणजे काम झालं. प्रत्यक्षात त्या चपट्या पत्र्याच्या डब्यात एक संगणक असतो आणि त्यावर लाखो ओळींचं सॉफ्टवेअर चालतं. कोणती वाहतूक आत सोडायची, कोणती अडवायची, हे ते सॉफ्टवेअर ठरवतं. घरून काम करणाऱ्यांना आत घेण्यासाठी व्हीपीएनचं लॉगिन पानही तेच दाखवतं. माणसाने लिहिलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये चुका राहतात, तशा याही राहतात. फरक इतकाच की ऑफिसातल्या बाकीच्या संगणकांच्या चुका आत असतात, हिच्या चुका थेट इंटरनेटच्या तोंडावर असतात. जगात कुठेही बसलेला माणूस ते लॉगिन पान उघडून बघू शकतो.

मुद्दा २. एक चूक किती वर्षं पुरते

फोर्टिनेट कंपनीच्या फोर्टिगेट फायरवॉल आपल्याकडे बँकांपासून कारखान्यांपर्यंत सर्रास दिसतात. त्यांच्या व्हीपीएनमध्ये तैवानच्या संशोधकांना एक चूक सापडली. लॉगिन पानाला फाइलचा पत्ता जरा वाकडा करून विचारला की उपकरण पासवर्ड न मागता आतली फाइल बाहेर देई. त्या फाइलमध्ये लॉगिन केलेल्या कर्मचाऱ्यांची नावं आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत असत.

कंपनीने २०१९ च्या मे महिन्यात दुरुस्ती, म्हणजे पॅच, दिला. खरी गोष्ट त्यानंतरची आहे. दीड वर्षाने, नोव्हेंबर २०२० मध्ये, पॅच न टाकलेल्या सुमारे ५० हजार उपकरणांची यादी हॅकरांच्या अड्ड्यांवर फिरू लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७ हजार उपकरणांचे पासवर्डच बाहेर आले. तेव्हा कंपनीने जे सांगितलं ते प्रत्येक कार्यालयात भिंतीवर लावावं असं आहे: पॅच नंतर टाकला असला तरी पासवर्ड बदलले नसतील, तर धोका कायम आहे. भोक बुजवलं, पण चोरीला गेलेली किल्ली तशीच चालू ठेवली, असा हा प्रकार.

आणि हे एकाच कंपनीपुरतं नाही. एप्रिल २०२४ मध्ये पालो आल्टोच्या फायरवॉलमध्ये अशी चूक निघाली की तिला तीव्रतेचे दहापैकी दहा गुण मिळाले. चेक पॉइंट, सिस्को, झायक्सेल, सॉनिकवॉल, सगळ्यांची नावं गेल्या काही वर्षांत या यादीत आली आहेत. त्यामुळे ‘चांगल्या ब्रँडची घेतली आहे’ हे उत्तर कोणी दिलं, तर ते अर्धवट समजावं.

मुद्दा ३. चोराला हेच उपकरण का आवडतं

फायरवॉलवर अँटिव्हायरस नसतो. तिच्यासमोर दिवसभर कोणी बसलेलं नसतं. सगळी ये-जा तिच्यातून होते आणि त्या ये-जेची नोंदही तिच्यापाशीच असते. तिच्यावर ताबा मिळाला की आत शिरायची वाट, आतला नकाशा आणि पुरावा पुसायची सोय, तिन्ही एकदम हाती लागतात.

सोफॉस या ब्रिटिश कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वतःच्या फायरवॉलवर पाच वर्षं चाललेल्या हल्ल्यांची हकिगत प्रसिद्ध केली. तिची सुरुवात आपल्या शेजारच्या राज्यात होते. अहमदाबादची सायबरोम कंपनी सोफॉसने २०१४ मध्ये विकत घेतली होती. कॉलेजच्या होस्टेलवर किंवा सरकारी कार्यालयात वायफायला जोडताना सायबरोमचं लॉगिन पान पाहिलेले कितीतरी वाचक असतील. या सायबरोमच्या कार्यालयात भिंतीवरचा एक पडदा चालवणारा साधा संगणक होता. डिसेंबर २०१८ मध्ये त्यावर घुसखोरीचं सॉफ्टवेअर सापडलं. महत्त्वाचं काम नसलेलं, कोणाचं लक्ष नसलेलं यंत्र निवडून घुसखोर फायरवॉल बनवणाऱ्याच्याच घरात शिरले होते.

पुढे एप्रिल २०२० मध्ये सोफॉसच्या फायरवॉलमधली एक चूक वापरून जगभरच्या सुमारे ८१ हजार उपकरणांवर हल्ला झाला. अमेरिकेच्या न्याय खात्याने त्याबद्दल डिसेंबर २०२४ मध्ये एका चिनी नागरिकावर आरोप ठेवले. कंपनीने तीन-चार दिवसांत दुरुस्ती तयार करून परस्पर उपकरणांवर पाठवली. जिथे ‘आपोआप अपडेट’ बंद करून ठेवलेलं होतं, तिथे मात्र ती आपोआप पोचण्याचा प्रश्नच नव्हता.

मुद्दा ४. हे सगळं आपल्या दारापर्यंत आलेलं आहे

‘माजिवड्याला कोण विचारतंय’ असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम बघावा. ही सगळी प्रकरणं फायरवॉलच्या चुकीमुळेच घडली असं नाही, पण आपल्या संस्थांचं नेटवर्क किती उघडं पडू शकतं हे त्यांतून कळतं.

११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेची एटीएम यंत्रणा घुसखोरांनी ताब्यात घेतली. एटीएमच्या मागणीला होकार-नकार देणाऱ्या खऱ्या स्विचच्या जागी बनावट स्विच ‘हो, पैसे द्या’ असं उत्तर देत राहिला आणि २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघत राहिले. १३ ऑगस्टला हाँगकाँगकडे स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून आणखी रक्कम गेली. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. ही सहकारी बँक होती, आणि ठाणे-डोंबिवलीतल्या घराघरांत सहकारी बँकेचं पासबुक आहे.

२१ मार्च २०२१ रोजी एमआयडीसीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारा, हल्ला झाला. क्लाउडवरचे आणि मुंबईच्या मुख्यालयातले, दोन्हीकडचे सर्व्हर त्यात सापडले आणि प्रादेशिक कार्यालयांचं ऑनलाइन काम ठप्प झालं. वागळे इस्टेट आणि डोंबिवलीतल्या कारखानदारांची भूखंडाची कागदपत्रं याच महामंडळाकडे असतात. ‘आता सगळं क्लाउडवर आहे, काळजी नको’ म्हणणाऱ्यांना हे एक उदाहरण पुरे.

३१ जुलै २०२४ रोजी बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवरच्या हल्ल्यानंतर राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने सुमारे ३०० लहान बँकांना देशाच्या पेमेंट जाळ्यातून तात्पुरतं बाजूला काढलं. त्या बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय बसलं ते दुसऱ्या दिवशी सुरू झालं. बँकांची स्वतःची काहीच चूक नव्हती. त्यांना तांत्रिक सेवा देणाऱ्याच्या पलीकडच्या आणखी एका सेवादाराकडे सर्व्हरची मांडणी चुकली होती, असा निष्कर्ष एका सायबर सुरक्षा कंपनीने काढला.

आणि १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कारण सांगितलं गेलं ते कळवा-पडघा वाहिनीवरच्या बिघाडाचं. कळवा म्हणजे खाडीपलीकडे, आपल्या डोळ्यांसमोर. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता सांगणारा प्राथमिक अहवाल मांडला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र मानवी चूक हेच कारण असल्याचं सांगून तो संबंध नाकारला. मी यात निवाडा करत नाही. त्याच दिवसांत केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने काढलेल्या पत्रकातला तपशील मला महत्त्वाचा वाटतो. संशयित पत्ते सर्व वीज नियंत्रण केंद्रांच्या फायरवॉलवर अडवले आहेत आणि फायरवॉलच्या नोंदींवर लक्ष ठेवलं जात आहे, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे वेळ आली तेव्हा मंत्रालयाचाही भरवसा याच उपकरणावर आणि त्याच्या नोंदवहीवर होता.

मुद्दा ५. खरेदीला पैसे आहेत, निगेला नाहीत

वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्याच्या ऑफिसात मी फायरवॉल पाहिली. ती पँट्रीच्या वरच्या फळीवर, चहाच्या पातेल्यांशेजारी होती. वर धूळ, बाजूला एएमसीचा स्टिकर, त्यावरची तारीख उलटून गेलेली. स्टिकरखाली मार्करने पासवर्ड लिहिलेला. वेंडरचा मुलगा मालकांना सांगत होता, “सर, लायसन्सचं रिन्युअल राहिलंय. अपडेट येणं बंद झालंय.” मालक म्हणाले, “अरे, नेट चालतंय ना? मग दिवाळीनंतर बघू.”

इथेच सगळी ग्यानबाची मेख आहे. लायसन्स संपलं तरी नेट चालू राहतं. दिवा विझत नाही, घंटा वाजत नाही. फक्त नवे पॅच आणि नव्या धोक्यांची माहिती येणं थांबतं.

सार्वजनिक संस्थांत हाच प्रकार हिशेबाच्या भाषेत होतो. नवं उपकरण भांडवली खर्चात बसतं. त्याची निविदा निघते, बातमी येते, उद्घाटन होतं. वार्षिक नूतनीकरण महसुली खर्चात जातं आणि काटकसरीचा बडगा आधी तिथेच बसतो. निविदा सर्वांत कमी दराला द्यायची म्हटल्यावर पहिली तीन वर्षं स्वस्त दिसणारा प्रस्ताव जिंकतो. चौथ्या वर्षाचं कोणी विचारत नाही. आणि उपकरणालाही आयुष्य असतं. सायबरोमच्या जुन्या उपकरणांची साथ २०२२ मध्ये संपली. त्यानंतरही अशी पेटी कुठे दिवे लुकलुकवत चालू असेल, तर तिच्यात सापडणाऱ्या नव्या भोकाला ठिगळ मिळणार नाही.

मुद्दा ६. ‘वेंडर बघतो’ हे उत्तर चालणार नाही

डेन्मार्कमध्ये वीज आणि ऊर्जा क्षेत्रातल्या अनेक छोट्या कंपन्या झायक्सेलच्या फायरवॉल वापरत होत्या. २५ एप्रिल २०२३ रोजी झायक्सेलने एका गंभीर चुकीचा पॅच जाहीर केला. ११ मे रोजी, म्हणजे सोळा दिवसांनी, एकाच वेळी १६ कंपन्यांवर हल्ला झाला आणि त्यांतल्या ११ ठिकाणी घुसखोर लगेच आत गेले. महिनाभरात बाधित कंपन्यांचा आकडा २२ वर गेला.

तिथल्या क्षेत्रीय सायबर केंद्राने चौकशी करून कारणं छापली. काहींना वाटलं, फायरवॉल नवी आहे म्हणजे सॉफ्टवेअरही ताजंच असणार. काहींची समजूत होती की अपडेट करणं पुरवठादाराचं काम आहे. काहींनी पुरवठादार त्याचे वेगळे पैसे घेतो म्हणून नको म्हटलं होतं. आणि काहींना आपल्याकडे ते उपकरण आहे हेच ठाऊक नव्हतं.

कारणं डॅनिश कंपन्यांची असली तरी आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयात ऐकू येतील अशी आहेत. म्हणून करारात एक ओळ हवी: गंभीर पॅच जाहीर झाल्यापासून किती दिवसांत टाकायचा आणि न टाकल्यास दंड कोणी भरायचा. आणि पालिकेच्या बाजूने त्यावर देखरेख करणारा अधिकारी नावानिशी नेमलेला हवा. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने ३० जून २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत सरकारी संस्थांना मुख्य माहिती सुरक्षा अधिकारी नेमायला सांगितलेलंच आहे. त्या पदावर कोण आहे हे पालिकेच्या संकेतस्थळावर अग्निशमन अधिकाऱ्याच्या नावाइतकंच सहज दिसलं पाहिजे.

मुद्दा ७. अपडेटसाठी शटडाऊन जाहीर करा

पॅच का टाकत नाही, असं नेटवर्क सांभाळणाऱ्या मुलांना विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: “साहेब डाउनटाइम देत नाहीत.” पॅच टाकताना उपकरण बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. दहा-वीस मिनिटं सगळं थांबतं, कधी गडबड झाली तर दोन तास. करभरणा चालू असतो, साहेबांची व्हिडिओ बैठक असते, मग ‘पुढच्या आठवड्यात’ असं करत महिने जातात. दोष त्या मुलाचा नाही. त्याने पॅच टाकला आणि काही बंद पडलं तर शिव्या त्यालाच, नाही टाकला तर विचारणारं कोणी नाही.

यावर तोडगा आपल्याकडे आधीच आहे. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी ठाण्यात बारा किंवा चोवीस तासांचा शटडाऊन जाहीर होतो. आदल्या दिवशी सूचना येते, लोक बादल्या भरून ठेवतात, कुरकुरतात आणि निभावून नेतात. महिन्यातून एक ठरलेली रात्र ऑनलाइन सेवांसाठीही तशीच राखून ठेवा. ‘शनिवारी रात्री बारा ते चार सेवा बंद राहतील’ अशी सूचना मोबाइलवर आली, तर माजिवड्यातल्या कोणाचंही काही अडणार नाही. आणीबाणीच्या पॅचसाठी आयुक्तांची वाट न बघता सुरक्षा अधिकाऱ्याला तत्काळ निर्णय घेण्याचा अधिकार हवा.

मुद्दा ८. नुसता पॅच पुरेसा नाही

फायरवॉलमधली सगळी भोकं कंपनीची नसतात. बरीचशी आपण पाडतो. एखादं नवं सॉफ्टवेअर चालत नाही, गडबड असते, वेंडर म्हणतो, “तात्पुरतं सगळं ओपन करून दे.” मग कुठूनही कुठेही जाऊ देणारा नियम टाकला जातो. या धंद्यात त्याला ‘एनी-एनी रूल’ म्हणतात. तात्पुरता टाकलेला तो नियम नंतर काढायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करण्यासाठी घाईने उघडलेली रिमोट डेस्कटॉपची दारं अशीच कितीतरी ठिकाणी उघडी राहिली.

दुसरी गोष्ट आतल्या कप्प्यांची. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि देशातल्या एका अग्रगण्य सरकारी रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाचं काम पुन्हा कागद-पेनावर आलं. सरकारने संसदेत सांगितलेलं कारण नेटवर्कची नीट विभागणी केलेली नव्हती हे होतं. एकदा आत आलेल्याला सगळीकडे मोकळं रान. पालिकेत करवसुली, रुग्णालय, सीसीटीव्ही आणि पाण्याचे पंप यांचे कप्पे वेगळे हवेत. दाखल्याच्या खिडकीवरच्या संगणकाला झालेली लागण पंपहाउसपर्यंत जाता कामा नये. कळव्याच्या पालिका रुग्णालयात ज्यांचे नातेवाईक दाखल असतात, त्यांना या वाक्याचं मोल वेगळं समजावून सांगायला नको.

मुद्दा ९. इमारतीला फॉर्म बी, मग फायरवॉलला का नको

सोसायटीच्या कमिटीवर काम केलेल्या कोणालाही फॉर्म बी माहीत असतो. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. यंत्रणा बसवताना एकदा तपासली की झालं, असं हा कायदा मानत नाही. पंप सुरू होतो का, होजमध्ये पाणी येतं का, हे सहा-सहा महिन्यांनी बघायला लावतो.

पालिका आपल्याकडून हे मागते, ते योग्यच आहे. तोच दंडक तिने स्वतःच्या डिजिटल यंत्रणेला लावावा. सर्ट-इनने मान्यता दिलेले तपासनीस देशात आहेत. त्यांच्यापैकी एकाने दर सहा महिन्यांनी एका पानावर सही करावी. त्यात इतकंच असावं: उपकरणाला कंपनीची साथ कोणत्या तारखेपर्यंत आहे, लायसन्स कधी संपतं, मागचे गंभीर पॅच जाहीर झाल्यापासून किती दिवसांत टाकले, फायरवॉलचं प्रशासकीय पान इंटरनेटवर उघडं आहे का, प्रशासकीय पासवर्ड शेवटचे कधी बदलले, आणि नोंदी किती दिवसांच्या जपल्या आहेत. नोंदींबाबत सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे आदेश स्पष्ट आहेत: १८० दिवसांच्या नोंदी जपायच्या आणि घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची. नोंदीच नसतील तर घुसखोर आला कधी, नेलं काय, हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मुद्दा १०. ‘सुरक्षेची बाब आहे, सांगता येत नाही’

माहिती अधिकारात विचारलं तर हे उत्तर येणार हे गृहीत धरून बोलू. या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. फायरवॉलचे नियम, आतला नकाशा, पत्ते, आवृत्ती हे जाहीर करू नये. ते कोणी मागतही नाही. मात्र उपकरण कोणत्या कंपनीचं आहे हे गुपित कधीच राहत नाही. बाहेरून दिसणारं लॉगिन पानच ते सांगतं, आणि बऱ्याचदा निविदेच्या कागदांत मेक आणि मॉडेल छापून आपणच ते जगजाहीर करतो. इंटरनेट दिवसरात्र चाळत बसलेल्या टोळ्यांना जे माहीत आहे, त्यातलं निम्मंही करदात्याला माहीत नाही, अशी ही उलटी गुप्तता आहे.

एक खरी अडचण मात्र मान्य करायला हवी. ‘आज आमचा पॅच बाकी आहे’ असं जाहीर करणं म्हणजे चोराला आवतण. म्हणून आजची स्थिती नको, मागच्या सहामाहीची द्या. ‘जानेवारी ते जून या काळात सर्व गंभीर पॅच पंधरा दिवसांच्या आत टाकले, दोन वेळा उशीर झाला, कारण अमुक’ एवढं वाक्य जुलैच्या शेवटी दिलं तर कोणाचं काय बिघडेल? उलट ते लिहावं लागणार हे माहीत असेल, तर उशीर होण्याचं प्रमाणच घटेल.

मुद्दा ११. आपली स्वतःचीही झाडाझडती

पालिकेकडे बोट दाखवताना आपल्या टॉवरचा तळमजला बघू. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर बसवणारा माणूस सेक्रेटरींना विचारतो, “काका, मोबाइलवर दिसायला हवं ना?” काका खुशीत हो म्हणतात. मग तो राउटरमध्ये एक पोर्ट उघडतो आणि डीव्हीआरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवून जातो. २०१६ मध्ये मिराई या बॉटनेटने, म्हणजे ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या फौजेने, अशाच न बदललेल्या पासवर्डांचे कॅमेरे आणि डीव्हीआर लाखोंनी ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांना दिवसभर हैराण केलं. सोसायटीच्या पुढच्या सभेत लिफ्टच्या एएमसीबरोबर हाही विषय घ्या. पासवर्ड बदलला का, उघडलेलं पोर्ट खरंच लागतं का आणि राउटरला अजून अपडेट येतात का, एवढं विचारलं तरी बरंच काम होईल.

सहकारी बँकेचे आपण सभासद आहोत. टीजेएसबी असो, डोंबिवली नागरी असो की कल्याण जनता, वार्षिक सभेत आपण लाभांशाचा टक्का विचारतो. कॉसमॉस प्रकरणानंतर दोनच महिन्यांनी, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट लागू केली. नेटवर्क उपकरणांचे मूळ पासवर्ड बदला, त्यांची मांडणी वेळोवेळी तपासा, अशा अगदी प्राथमिक गोष्टी तिच्यात आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये बँकांच्या डिजिटल पसाऱ्यानुसार चार पायऱ्या ठरवल्या गेल्या. ‘आपली बँक कोणत्या पायरीवर आहे आणि तिथल्या अटी पूर्ण आहेत का’, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

वागळे आणि डोंबिवलीतल्या लघुउद्योजकांनी एकत्र यावं. एकेका कारखान्याला नेटवर्कचा पूर्णवेळ माणूस परवडत नाही, हे खरं. पण दहा-पंधरा कारखान्यांनी मिळून एक माणूस ठेवला, तर प्रत्येकाची फायरवॉल महिन्यातून एकदा तरी तपासली जाईल. औद्योगिक संघटना आग आणि सांडपाण्यासाठी एकत्र येतात, त्यात हा विषय सहज बसतो.

मुद्दा १२. मागण्या

माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीपासून ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या सर्वसाधारण सभेपर्यंत या मागण्या जाव्यात, असं माझं म्हणणं आहे.

(अ) मुख्य माहिती सुरक्षा अधिकाऱ्याचं नाव व कार्यालयीन संपर्क संकेतस्थळावर ठळकपणे द्यावा.

(आ) फायरवॉल व तत्सम उपकरणांच्या नूतनीकरणासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष असावं आणि ते पैसे दुसरीकडे वळवता येऊ नयेत.

(इ) निविदेत पाच वर्षांच्या लायसन्ससह एकूण खर्च धरावा. कंपनीची साथ संपत आलेलं मॉडेल बाद करावं.

(ई) पुरवठादाराशी करारात पॅच टाकण्याची मुदत आणि दंड लिहावा.

(उ) महिन्यातून एक रात्र देखभालीसाठी राखून ती आधी जाहीर करावी.

(ऊ) फॉर्म बीच्या धर्तीवर सहामाही प्रमाणपत्र घ्यावं आणि त्याचा एक पानी गोषवारा प्रसिद्ध करावा.

(ए) नागरिकांची माहिती बाहेर गेली, तर सर्ट-इनबरोबरच त्या नागरिकांनाही कळवावं. वृत्तपत्रातून कळण्याची वेळ येऊ देऊ नये.

यातल्या एकाही मागणीला नवा कायदा लागत नाही. आदेश केंद्राचे आहेत, तपासनीस उपलब्ध आहेत, नमुना अग्निशमन दलाचा आहे. लागणारा पैसा चौकातल्या एका सुशोभीकरणापेक्षा जास्त नसावा. सुरुवात (आ) पासून करू. येत्या अंदाजपत्रकात ते लेखाशीर्ष आहे का, हे प्रत्येकाने आपापल्या नगरसेवकाला विचारावं आणि उत्तर लेखी मागावं.